जिन्याखालची काच

काच शाबूत होती. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून जिन्याखालची पट्टी नीट न्याहाळली आणि मगच दुकान उघडायला गेले.

पालिकेच्या इंजिनियरने ती काच भिंतीतल्या भेगेवर आडवी बसवली होती. दोन्ही टोकांना सिमेंट, मधोमध लाल रंगात तारीख. भिंत हलली तर काच तडकणार, आणि काच तडकली तर इमारत धोकादायक. मग बिल्डर म्हणेल त्या अटींवर बाहेर पडायचं. पुढच्या तपासणीपर्यंत काच टिकली, तर मात्र दुरुस्तीची परवानगी. त्यामुळे सगळी इमारत त्या बोटभर काचेवर जीव टांगून बसली होती.

घड्याळजींचा जीव जरा जास्तच टांगलेला होता. तळमजल्यावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. नव्या इमारतीत बिल्डर त्यांना घर देणार होता, दुकान नाही.

नगरसेवक तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरी आला होता. निवडणूक तोंडावर आली की त्याच्या पायांत जिने चढायचं बळ येत असे.

"तुम्ही काच सांभाळा, बाकी मी बघतो," तो धापा टाकत म्हणाला. "वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

"तिला काय विचारता? माझं तेच तिचं," घड्याळजी म्हणाले.

त्यांची बायको खिडकीपाशी भाजी निवडत होती. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. भाजीसुद्धा दोरीला टोपली बांधून वर ओढायची. रस्ता तिच्या वाट्याला खिडकीतून दिसेल तेवढाच.

"नव्या इमारतीत लिफ्ट असते म्हणे," ती म्हणाली.

"आणि ती बंद पडली की?" घड्याळजींनी विचारलं. सगळे हसले. तीही हसली.

तपासणीच्या आदल्या दुपारी नगरसेवकाने सगळ्यांना आपल्या कार्यालयात बोलावलं. इमारत ओस पडली. पहिल्या मजल्यावरचा निवृत्त पोस्टमन तेवढा तापाने फणफणला होता, म्हणून मागे राहिला. तो घड्याळजींचा बुद्धिबळातला जोडीदार. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

"पडल्या पडल्या जिन्याकडे कान ठेवतो," पोस्टमन म्हणाला. इमारतीच्या बाहेरच्या दाराला घड्याळजींनी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं.

संध्याकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. काच मात्र दुभंगली होती. जमिनीवर चुरा पडला होता आणि भेग होती तेवढीच होती. भिंत तसूभरही हलली नव्हती. काच कुणीतरी फोडली होती.

घड्याळजी सुन्न होऊन वर गेले. जिन्याच्या पायऱ्या आज मधोमध पुसल्यासारख्या स्वच्छ होत्या. झाडूवाल्याला सुबुद्धी सुचायला आजचाच मुहूर्त सापडला, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. घरात बायको अंघोळ करून, धुतलेले कपडे वाळत घालून पलंगावर बसली होती. काचेचं ऐकून तिने पाय पलंगावर ओढून घेतले.

सकाळी इंजिनियर आला. "कशाने फुटली ते आम्ही लिहीत नाही," तो म्हणाला. "फुटली, एवढंच लिहितो." नगरसेवकाने फोनवरच हात वर केले.

मग घड्याळजी पोस्टमनच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे सगळी इमारत.

"दार बंद, आत तू एकटा," ते म्हणाले. "किती दिले बिल्डरने?"

पोस्टमन अंगावर चादर ओढून बसला होता. "मला डोळा लागला होता रे."

"बिल्डरबरोबर चहा तू प्यायलास. मी नाही."

"चहा त्याने सगळ्यांनाच पाजला." पोस्टमनने त्यांच्याकडे पाहिलं. "तुला खरंच असं वाटतं?"

"आजपासून तुझं तोंड बघायचं नाही मला."

त्याच दुपारी पोस्टमनची मुलगी येऊन त्याला घेऊन गेली. जाताना तो बुद्धिबळाचा पट दुकानाच्या पायरीवर ठेवून गेला. घड्याळजींनी तो उचलला नाही.

"आजारी माणसाला असं बोलायला नको होतं तुम्ही," बायको म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते.

"सख्ख्या भावासारखा होता. म्हणून तर जास्त लागलं," घड्याळजी म्हणाले, आणि भांडी खोक्यात भरू लागले.

ती मदतीला उठली तेव्हा ती लंगडत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. टाच उचलून चालत होती.

"काय झालं पायाला?"

"गुडघाच आहे."

"गुडघ्याने कुणी असं चालत नाही. बस, बघू."

तळव्याला चिंधी बांधली होती आणि चिंधीवर रक्त सुकलं होतं. "पेला फुटला होता परवा," ती म्हणाली. "निघेल आपोआप. राहू द्या."

पण घड्याळजी ऐकणारे नव्हते. आजवर त्यांनी स्वतःचंच दुखणं कुरवाळलं होतं, हिच्याकडे बघायला फुरसत झाली नव्हती, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी कोमट पाण्याने तळवा धुतला, भिंग डोळ्याला लावलं आणि दुकानातला बारीक चिमटा हातात घेतला.

"दुकान गेलं, तो गेला," ते खाली मान घालून म्हणाले. "आता डोळे मिटून भरवसा ठेवावा असं तू एकटीच उरलीस मला."

तिने पाय मागे ओढला. त्यांनी तो हळुवारपणे पुन्हा मांडीवर घेतला.

कपची निघाली. त्यांनी ती उजेडात धरली. पेल्याच्या मानाने काच जाड होती, आणि तिच्या एका कडेला लाल रंग होता.

"राहू द्या म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली.