बाबा सव्वीस

कारखान्याला टाळं लागल्यापासून बाबा घरात नुसते बसून असत, म्हणून मी माझा जुना व्हिडिओ गेम त्यांना टीव्हीला जोडून दिला. महिन्याभराने पडद्यावर सूचना आली, ‘जागा संपली आहे.’ उघडून पाहते तर सव्वीस खाती! बाबा एक, बाबा दोन, थेट बाबा सव्वीसपर्यंत. प्रत्येकात एकच पदक, पहिली लेव्हल पार केल्याचं. मला हसूच फुटलं. “बाबा, रोज नव्याने कशाला सुरुवात करता? पुढे जा की!” “पुढे गेलो की मरतो गं,” सदऱ्याच्या टोकाने रिमोट पुसत ते म्हणाले. “पहिलीला मात्र पदक येतं, खाली ‘शाबास’ लिहिलेलं. पण एका खात्याला एकदाच.” लेथवर एकतीस वर्षं उभा राहिलेला माणूस. बाबांनी सूचना पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, “जागा संपली, म्हणजे आता ‘शाबास’ नाही येणार?”