काचेतली वाडी

खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधीच जितेश घरातल्या काचेच्या टाकीपाशी गेला आणि तिथेच खिळला.

जाताना त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एप्टेशिया एकच होतं, मागच्या खडकाआड. बोटभर उंचीचं, तपकिरी, झुलणारं समुद्रफूल. दिसायला देखणं, पण मोठं निलाजरं. शेजारच्या प्रवाळाला डंख करून मारायचं, आणि तोडायला जावं तर तुकड्यातुकड्यातून नवं उगवायचं. आल्यावर याचा निकाल लावू, असं म्हणून तो सुरुचीला घेऊन केरळ फिरायला गेला होता.

आता खडकावर फुलांच्या ओळीच्या ओळी उभ्या होत्या. सारख्या अंतरावर, वाफे पाडून लावल्यासारख्या. आणि दोन वर्षं जिवापाड वाढवलेलं हिरवं प्रवाळ कोपऱ्यात, पंपाच्या सावलीत, पाहुण्याच्या चपलांसारखं सारून ठेवलेलं. त्याची एक कड पांढरी पडायला लागली होती.

"बघितलंत?" मागून सासूबाईंचा आवाज आला. हंसाबाई सांडोरच्या. जन्मभर राखलेली केळीची वाडी यंदा दिरांनी विकली आणि त्या विरारला, सहाव्या मजल्यावर, लेकीकडे राहायला आल्या. "तुम्ही गेलात नि तुमचं झाड केळीसारखं पिलांनी नुस्तं दाटलं. अशानं जोर कोनी धरायचा? आइस्क्रीमच्या चमच्यानं एकेक सुटं केलं, एकेका भोकात बसवलं. पानी मानवलं हो त्यांना. एक मेलं नाही."

"एकही नाही," जितेश म्हणाला.

"तो दगड उजेडाच्या आड येत होता, म्हनून सारला."

तो दगड म्हणजे प्रवाळ. जितेशने तोंड उघडलं, तेवढ्यात सुरुचीने त्याच्या दंडाला चिमटा काढला. वाडी गेल्यापासून आई एका दमात इतकं बोलली नव्हती.

"छान जगवलीत, आई," जितेश म्हणाला.

सकाळी हंसाबाई भाजीला खाली उतरल्या तसा तो कामाला लागला. एप्टेशियाच्या तोंडात लिंबाचा रस गेला की ते मरतं. वाटीत लिंबं पिळली, रस गाळला, सिरिंज भरली. पहिल्या फुलाला सुई लागली मात्र, ते सर्रकन भोकात शिरलं. दुसरंही. तिसऱ्याला तो दबा धरून होता, तोच दार वाजलं. हंसाबाई पिशवी विसरल्या होत्या.

"काय देता त्यांना?"

"खत," जितेशच्या तोंडून निघून गेलं.

"असं कोनी देतं? दचकतात ती. द्या इकडं."

बांगड्या मागे सारून त्या स्टुलावर बसल्या. मोट चालावी तशी संथ ओवी गुणगुणू लागल्या:

केळीबाई, तुझ्या पायी पिलांची गं झाली दाटी,
एक ठेव तुझ्यासाठी, बाकी धाड दूर वाटी.

त्या चालीवर सुई पाण्यातून इतकी हळू जायची की फुलाला पत्ता लागू नये. बरोबर तोंडात एक थेंब. फूल मिटायचं, ते मिटायचंच. ओळीमागून ओळ गेली. एकही चुकलं नाही. जितेश लिंबाची वाटी धरून शेजारी उभा होता, पूजेला बसवलेल्या यजमानासारखा, भटजी म्हणतील तेव्हा वाटी पुढे करत.

शेवटच्या भोकात एक उरलं. मिऱ्याएवढं. त्याने नुकत्याच पापण्यांसारख्या शेंड्या उघडल्या होत्या. सुई त्याच्याकडे वळली.

"त्याला राहू द्या, आई."

"का?"

जितेशने प्रवाळाकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या ओल्या हातांकडे. "लहान आहे. खत सोसायचं नाही त्याला."

हंसाबाईंनी सिरिंज त्याच्या हातात दिली. बोटं नाकाशी नेली, पदराला पुसली.

"खताला लिंबाचा वास येत नाही, जावईबापू. आनि काल लेकीनं चिमटा काढला, तोही दिसला मला."

जितेशला वाटी कुठे ठेवावी ते सुचेना. तोवर त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवून प्रवाळ उचललं होतं. ते खडकाच्या मधोमध, ऐन उजेडात बसवलं, जरा फिरवलं, पांढरी कड मागे केली. पल्याड, दूरच्या भोकात, राखलेलं पिलू एकटंच डोलत होतं.

"आता हे तुमचं दगडाचं झाड," त्या म्हणाल्या. "याला पिलं धरतात का?"

"धरतात. पण फार सावकाश, आई. वर्षं लागतात."

"लागू द्यात," हंसाबाई स्टूल टाकीच्या आणखी जवळ ओढत म्हणाल्या. "मला आता कुठं जायचंय?"