कुंभेरीची घुसमट

पहिलाच घास तोंडात घातला आणि वसुधाला धाप लागली. कुंभेरी धरणाच्या पाण्यातला प्राणवायू पुन्हा घटला होता. तिच्या छातीत बसवलेल्या चकतीमुळे जलाशयाची घुसमट तिला स्वतःच्या श्वासात जाणवायची. मग ती धावत जाऊन हवेचे पंप सुरू करायची आणि मासे वाचायचे.

"आता पुरे झालं," पंप सुरू करून ती परतल्यावर तिची पाठ चोळत तिचा नवरा दिगंबर म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? तुझं हृदय आता तग धरणार नाही."

"अहो, पण मग पाण्याचं कोणाला कळणार?"

"यंत्रं आहेत की."

"धरणावरची माणसं यंत्रांचे भोंगे बंद करून ठेवतात हो."

"माझ्यासाठी ती चकती काढ गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आलेले पाहून ती नमली.

चकती निघाली. कित्येक वर्षांनी वसुधा गाढ झोपली, उन्हं वर आल्यावर उठली. तेवढ्यात वाऱ्याबरोबर कुबट वास आला. दोघं काठावर धावली. पार पैलतीरापर्यंत मेलेल्या माशांची पांढरी पोटं तरंगत होती.

"चल घरी," दिगंबर हळूच म्हणाला.

वसुधा जागची हलली नाही. तिने खोल श्वास घेतला. तो अगदी सहज आत गेला, आणि तिला रडू फुटलं.