खोक्यावर बसलेली माणसं

खिडकीतल्या माणसाने कागदावर शिक्का मारला आणि तारीख सांगितली. लक्ष्मीने बोटांवर महिने मोजले. साडेतीन. पोटातल्या गाठीची सोनोग्राफी आठ दिवसांत झालीच पाहिजे, असं वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं आणि कागदावर त्याखाली लाल पेनाने दोन रेघाही ओढल्या होत्या. तळमजल्यावर त्या रेघांना कुणी विचारत नव्हतं.

मुलगी नूपुर तिला धरून बसायला घेऊन आली. बसायला म्हणजे लाकडी पट्ट्यांचं एक बुटकं, रुंद खोकं. त्या सरकारी हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या दारासमोर बाक नाही, म्हणून या खोक्यावर सहा जण बसतात आणि साठ जण त्यांच्या उठण्याकडे डोळे लावून उभे राहतात. माझगावहून पहाटे आलेल्या कुशाबा नावाच्या म्हाताऱ्याने सरकून लक्ष्मीला टेकण्यापुरती जागा दिली. आतल्या एकुलत्या जुन्या मशीनवर आज तीस जणांची तपासणी होणार होती. तिसावा नंबर त्याचा होता आणि तो हे ज्याला त्याला सांगत होता.

"ह्या खोक्यात काय आहे हो मामा?" लक्ष्मीने दारावरच्या वॉचमनला, सुर्व्यांना, सहज विचारलं.

"सोनोग्राफीचं मशीन. नवं कोरं. दोन गणपती झाले येऊन."

लक्ष्मीला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मग सुर्व्यांनी आवाज खाली आणून सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना जरा मजाही येत होती. मशीनसाठी ठरलेली खोली युनियनवाल्यांनी अडवलीय, तिथे त्यांचा कॅरम असतो. परवान्याच्या कागदावर मोठ्या डॉक्टरांची सही राहिलीय, आणि समोरच्या फुटपाथवरचं सोनोग्राफी सेंटर त्यांच्या मेव्हण्याचं. विभागातले पुढारी, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांच्या ऑफिसातून रोज लाइन सोडून आत घ्यायच्या चिठ्ठ्या येतात. लाइन आटली तर त्या चिठ्ठ्यांना कोण विचारतो? तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. इथे तर तळ्यात पाणीच येऊ नये म्हणून राखण चालली होती.

नूपुर म्हणाली, मग तुम्हीच का नाही उघडत? सुर्वे हसले. खोक्याला लाखेचं सील आहे. सोनोग्राफीच्या मशीनचं सील तुटलं की पंचनामा करावा लागतो, वर कळवावं लागतं, आणि वरून माणूस येऊन विचारतो की मशीन इतके दिवस पडून का आहे. ते सील जपायलाच तर त्यांना तिथे बसवलं होतं.

लक्ष्मी उठली आणि खिडकीशी जाऊन, मशीन खोक्यात का पडून आहे, असं मोठ्या आवाजात विचारायला लागली. खिडकीतल्या माणसाने ऐकलंच नाही. गप्प केलं ते लाइनीतल्या लोकांनी. बाई, हळू बोला, साहेब चिडले तर आजची लाइनच बंद करतील. अर्ध्या लोकांच्या खिशात दादांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या मिळण्याची आशा होती.

तेवढ्यात दादांच्या ऑफिसातला अजित आला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. त्याने चिठ्ठी पुढे केली.

"मावशी, कशाला बोंबाबोंब? दहा मिनटांत आत जाल. फक्त खोक्याचा विषय सोडा."

खोटं कशाला सांगा, लक्ष्मीचा हात पुढे गेला. पोटात सकाळपासून कळ होती.

"आई, घे ना गं," नूपुर म्हणाली. "आपलं काम होतंय ना, बस झालं."

लक्ष्मीने अजितला विचारलं, मी आत गेले तर नंबर कुणाचा जाणार? शेवटचा, तो म्हणाला. तिसावा.

कुशाबाने ऐकलं. त्याने आपला कागद एकदा पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तो भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर लक्ष्मीने कदाचित चिठ्ठी घेतलीही असती.  पण त्या मुकाट घडी घालण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने चिठ्ठी अजितच्याच खिशात कोंबली आणि खोक्यावरच्या सगळ्यांना उठायला सांगितलं. कुणी उठलं नाही. उठलं की जागा गेली, एवढं शहाणपण प्रत्येकाकडे होतं. कुशाबा मात्र वीतभर सरकला. त्याच्याखाली सुतळीची गाठ होती आणि गाठीवर लाल सील.

लक्ष्मी हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावते. धागे तोडायची कात्री तिच्या पिशवीत असतेच. नूपुरने तिचं मनगट धरलं.

"आई, केस होईल."

"होऊ दे."

सुतळी दोन वेळा कात्री चालवल्यावर तुटली. लाखेचा तुकडा फरशीवर पडला, आणि इतका वेळ न हललेली माणसं पटापट उठून भिंतीला लागली. पंचनाम्यात नाव कुणालाच नको होतं. अजित फोन कानाला लावून जिन्याकडे निघाला. खोक्यावर एकटा कुशाबा बसून राहिला.

 सुर्व्यांनी वही काढली, पेन झटकलं आणि दबक्या आवाजात विचारलं, कुणी तोडलं म्हणून लिहू?

"लक्ष्मी तांबे, भोईवाडा," ती म्हणाली. "आणि तारीख आजची घाला. साडेतीन महिन्यांनंतरची नको."