मागची खोली

"मंजुरी दाखवा," ओव्हरसियर म्हणाला.

मंजुरी नव्हती. हनुमाननगरच्या त्या गल्लीत कोणाकडेच नव्हती. लोक आधी खोली बांधत, नकाशाचं मग पाहू म्हणत. तक्रार झाली नाही तर कार्पोरेशनचा माणूस फिरकत नसे.

महादेवरावांनी मागच्या आंगणातली खोली विधवा बहिणीसाठी बांधली होती. मौद्याला सासरी वच्छलाला दीर मारायचा. तिच्या पाठीवरचे चटके वडिलांनी पाहिले होते. मरताना त्यांनी चार सोयऱ्यांसमोर महादेवरावांकडून कबूल करून घेतलं, की बहिणीला एक खोली बांधून देईन. उन्हाळ्यात भिंती उठल्या. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून जोडाई मातीचीच झाली. अक्षय तृतीयेला वच्छलाने चूल मांडली. लगोलग नोटीस आली.

आज मजूर खोली पाडायला सब्बल घेऊन आले होते. वच्छला खोलीच्या दारातच बसून होती. शेजारचा कवडू कुंपणाशी दिसला, तशी ती उसळली.

"आला काय तमाशा पाहाले? काहून केली गा तक्रार? तुह्या आंगणात पाय पसरले होते काय मी?"

"मी कायले करू वं, वच्छलाबाई? माह्या तं संडासालेही मंजुरी नाही."

मजूर हसले. कवडू हसला नाही. तो ओव्हरसियरकडे वळला.

"साहेब, शेजारी मीच हाओ. माही हरकत नाही, लिहून देतो. दंड घ्या, पण बाईले मौद्याले धाडू नका. तिथं जित्ती नाही राहणार."

"दादा, तू तरी बोल ना," वच्छला म्हणाली.

महादेवरावांनी उपरण्याने डोळे पुसले. "कायद्यापुढं माह्यं काय चालते, वच्छले? मी तं बांधून देल्ली होती."

सोयऱ्यांपैकी दोघे मुद्दाम आले होते. त्यातल्या रामाजींनी महादेवरावांच्या पाठीवर हात ठेवला. "तू शब्द पाळला गा. सगळ्यायनं पाह्यलं."

ओव्हरसियर थोडा घुटमळला. मग महादेवरावांना विहिरीपलीकडे घेऊन गेला.

"अजून वेळ आहे," तो म्हणाला. "तक्रार तुमची आहे. मागे घ्या, मी मजूर परत नेतो."

महादेवरावांनी एकदा सोयऱ्यांकडे पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "आन् पाडा."