मनोरा नसलेला किनारा

चार दिवसांच्या वादळातून नाव वाचली, पण परतताना कोळी ओनेला किनाराच ओळखू येईना. नेदरलंड्सच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रीसलंडमधल्या त्याच्या गावच्या चर्चला तीनशे वर्षांचा उंच मनोरा होता. कोळ्यांच्या कैक पिढ्या त्याच्याकडे बघूनच घरी आल्या. तो आणि पवनचक्की एका रेषेत आली, की वाळूच्या दांड्यांमधली खोल वाट सापडायची. आज पवनचक्की होती, मनोरा नव्हता. "दाजी, भलत्याच गावाला आणलंत की!" मेहुणा सीत्से ओरडला. "गप रे, चक्की आपलीच आहे." "मग मनोरा काय हेरिंग मासे खायला गेला?" आपल्यालाच दिसेनासं झालं की काय, म्हणून ओनेने डोळे चोळले. ओहोटी अर्ध्यावर आली होती. थांबावं तर नाव रुतणार, वाट चुकली तर फुटणार. तेवढ्यात पुढे पाण्यात पांढरी फडकी हलताना दिसली. गावातल्या बाया खोल वाटेच्या दोन्ही कडांना, कमरेइतक्या पाण्यात रांगा करून उभ्या होत्या. नीटसं काही न कळताच ओनेने त्या रांगांमधून नाव आत आणली. रांगेच्या शेवटी त्याची बायको हिस्के उभी होती, गारठून ओठ निळे पडलेले. "परवा वादळात मनोरा कोसळला," ती म्हणाली. "तुम्हाला वाट कशी सापडणार, म्हणून ओहोटी लागल्यापासून उभ्या आहोत." ओने आभाळातल्या रिकाम्या जागेकडे बघतच राहिला. "म्हणजे... हे आपलंच गाव ना?" त्याने नावेतून वाकून विचारलं. हिस्केने ओल्या हातांनी त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं.