नको झालेला 'ए'

ब्रिटा सँडविकने सुतारी बाकावर, रंध्याशेजारी एक कागद ठेवला आणि म्हणाली, "सर, तुमची सही हवी होती. तीनच्या आत ऑफिसात द्यायचाय."

नेल्स ऑर्डाल सरांनी हातांवरचा भुसा झटकला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला घेतलं. शाळेचाच छापील अर्ज होता. सुतारकामाच्या विषयात श्रेणी न देता नुसता 'उत्तीर्ण' असा शेरा द्यावा, ही विनंती. खाली ब्रिटाची सही, तिच्या आईची सही, आणि शिक्षकासाठी मोकळी रेघ.

"अगं, मी तर तुला ए दिलाय," ते म्हणाले. "अख्ख्या वर्गात एकटीला."

"त्यानेच तर घोळ झालाय, सर."

मग तिने हिशोब सांगितला. वरच्या दर्जाच्या गणितात ए मिळाला की पाच गुण धरतात, फिजिक्सलाही पाच. सुतारकामातला ए मात्र चारच. त्या चारने तिची सरासरी खाली आली होती आणि शाळेत पहिली असलेली ब्रिटा दोन शतांशांनी दुसरी झाली होती. हातकामाचा एक विषय केल्याशिवाय शाळा सोडता येत नाही. तीन वर्षं तो तिने पुढे ढकलला आणि नेमका शेवटच्या वर्षी, कॉलेजांना अर्ज जायच्या वेळीच, तो गळ्यात पडला. नुसतं 'उत्तीर्ण' लिहिलं तर तो सरासरीत धरत नाहीत.

"आणि मी 'बी' दिला असता तर?"

"तर आणखी खाली."

"म्हणजे मी काहीही दिलं तरी तुझं वाटोळंच."

ब्रिटा ओशाळली. "तुमचा काय दोष त्यात? पण मला हवंय त्या कॉलेजात आपल्या शाळेतून आजवर तिघंच गेलीत. तिघंही पहिली आलेली. आणि कॉलेजची मुदत शुक्रवारची आहे."

कार्यशाळेत दोघंच होते. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की वर्गातली निम्मी पोरं आपापल्या बापाबरोबर जंगलात असतात, ते वर्षानुवर्षं चालत आलेलं. पूर्वी याच आठवड्यात याच बाकाशी पोरांची रांग लागायची. सर, निदान सी तरी द्या, नाहीतर बाबा शिकारीला नेणार नाहीत. कोणाची आई घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन यायची, कोणाचा बाप उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहायचा. सर तो खायचे आणि डी तो डीच ठेवायचे. रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना लोक त्यावरून त्यांच्याशी वाद घालायचे. तेव्हा त्याचा वैताग यायचा. आज मात्र त्यांना त्या रांगेची फार आठवण आली.

"आई म्हणते, तुम्ही तिला सी दिला होता," ब्रिटा म्हणाली.

"जोअनला ना? तिच्या पेटीचं झाकण बसत नव्हतं."

"अजून बसत नाही. आम्ही त्यावर शिवणाचं मशीन ठेवलंय."

सर खुदकन हसले. "सहा महिने बोलली नाही माझ्याशी. दुकानात समोरासमोर आलो तर सूपच्या डब्यांवरची अक्षरं वाचत उभी राहायची."

"ती अजूनही म्हणते, बी द्यायला हवा होता."

"म्हणू दे."

त्यांनी खिशातली सुतारी पेन्सिल काढली, परत ठेवली आणि पेन शोधून आणलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पोरगी हुशार होती, कष्टाळू होती, आणि तिच्या वाटेत आपण उभं राहावं असं त्यांच्या मनात चुकूनही नव्हतं. तरी सही करताना हात जरा रेंगाळला. एकतीस वर्षांत श्रेणी वाढवून मागणारे शेकड्यांनी आले होते. पुसून मागायला आलेली ही पहिलीच.

"घे. पळ आता, मुदत चुकवू नकोस."

ब्रिटाने कागद घडी घालून दप्तरात ठेवला, थँक्यू म्हणाली आणि दारापर्यंत गेली. दाराजवळच तिचं उशाशी ठेवायचं छोटं टेबल होतं, मेपलचं, एका खणाचं. काल संध्याकाळीच पुरं झालेलं. ती तिथे थबकली.

"सर, तो ए पहिल्या सहा आठवड्यांचा होता ना? मग या टेबलाला काय दिलं असतं?"

"खरं सांगू?"

"हो."

"बी."

शाळेत आल्यापासून तिला कधी 'बी' मिळाला नव्हता. तिचे कान लाल झाले. "का?"

"खण ओढून बघ."

तिने ओढला. अर्ध्यावर येऊन तो अडकला. तिने हिसका दिला तेव्हा टेबलच पुढे सरकलं.

"उजवी बाजू जाड राहिलीय," सर म्हणाले. "घाई केलीस. पण जाऊ दे, उत्तीर्ण म्हणजे उत्तीर्ण. आता कोण विचारतंय."

भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती. ब्रिटाने तिकडे एकदा बघितलं, दप्तर खाली ठेवलं आणि खण बाहेर काढून त्यांच्यासमोर बाकावर आडवा केला.

"मी विचारतेय ना, सर," ती म्हणाली. "कुठून तासू?"